‘माले काय व्हस?’

गोष्ट डिसेंबरमधली. सेमिस्टरची परीक्षा संपली होती आणि आमच्या विंगमधल्या अकरा जणांनी एका मित्राच्या शेतावर भरीत पार्टी ठरवली होती. जे खान्देशाबाहेरून इथे शिकायला आलेत त्यांच्यासाठी सांगतो, भरीत पार्टी म्हणजे नुसतं जेवण नाही. शेतातल्याच काड्या पेटवून त्यावर वांगी भाजायची, ठेचायची, त्यात हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात घालायची, वरून तेल सोडायचं आणि कळण्याच्या पुरीबरोबर हाणायचं. घाम पुसत पुसत खायचं. ज्याला तिखट लागलं त्याची टिंगल झालीच म्हणून समजा.

त्या दिवशी टिंगल झाली ती माझ्या रूम पार्टनरची. गडी साक्री तालुक्यातला, घरी अस्सल अहिराणी बोलणारा. दोन घास खाल्ले आणि डोळ्यांतून पाणी. ताट बाजूला ठेवलं. आम्ही सगळे ओरडलो, "अरे, खान्देशी पोरगा आणि मिरची लागते?" तो पण हसला. पण मला आठवलं की गेले दोन महिने मेसमध्ये तो भाजी बाजूला सारून पोळी दुधात कुस्करून खात होता. मला वाटलं, पोट बिघडलं असेल.

जानेवारीत त्याची दाढ दुखायला लागली म्हणून मी त्याच्याबरोबर दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी दाढ नंतर पाहिली. आधी म्हणाले, "तीन बोटं उभी धरून तोंडात घाल." मी बाजूच्या खुर्चीत बसून सहज स्वतःच्या तोंडात घालून पाहिली. तीनही गेली. त्याची दोन बोटं जेमतेम गेली, तिसरं गेलंच नाही. डॉक्टरांनी विचारलं, "कधीपासून खातोस?" तो म्हणाला, "अकरावीपासून." "दिवसाला किती?" "चार-पाच पुड्या."

बाहेर आल्यावर मी त्याला बसस्टॉपपर्यंत लेक्चर दिलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, खिशातून पुडी काढली, फाडली आणि म्हणाला, "माले काय व्हस?" म्हणजे, मला काय होतंय?

मित्र-मैत्रिणींनो, हा लेख त्या तीन शब्दांवर आहे. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, मराठी वर्गात दुय्यम होती, त्यामुळे शुद्धलेखन सांभाळून घ्या. पण हा विषय इंग्रजी विभागात लिहिला असता तर ज्याच्यासाठी लिहितोय त्याने वाचला नसता.

आधी त्या तोंडाविषयी. पुडीतली सुपारी वर्षानुवर्षं गालात धरली की गालाच्या आतली त्वचा कडक, पांढरट आणि दोरीसारखी ताठ होत जाते. सुरुवातीचं लक्षण म्हणजे तिखट सहन न होणं. नंतर तोंड उघडणं कमी कमी होतं. कडक झालेला भाग सहसा पूर्ववत होत नाही, आणि अशा तोंडांपैकी काहींमध्ये पुढे कॅन्सर होतो. आणि हे फक्त तंबाखूमुळे होतं असं समजू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने नुसत्या सुपारीलासुद्धा माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलंय. "मी तंबाखू खात नाही, साधी सुपारी खातो" म्हणणाऱ्यांनी हे वाक्य परत एकदा वाचावं. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, दरवर्षी ती वाढवली जाते. बंदी असलेली वस्तू हॉस्टेलच्या डस्टबिनमध्ये एवढी कशी सापडते, हे मी विचारत नाही. तुम्हालाही माहीत आहे.

आता "माले काय व्हस" याच्यामागचा युक्तिवाद बघू. तो प्रत्येकाचा सारखाच असतो. "माझे आजोबा आयुष्यभर बिडी ओढत होते, ८८ वर्षं जगले!" मी हे हसण्यावारी नेत नाही, कारण माझे स्वतःचे आजोबा तसेच होते. शिंदखेडा तालुक्यातलं आमचं गाव. आजोबा पहाटे उठल्याबरोबर बिडी पेटवायचे आणि ८८ व्या वर्षी गेले. लहानपणी मलाही वाटायचं की बिडीने काही होत नाही. मागच्या वर्षी मी आजीला सहज विचारलं, तेव्हा कळलं की आजोबांना तीन भाऊ होते. तिघेही बिडी ओढायचे. तिघांपैकी एकालाही मी पाहिलेलं नाही. जो उरतो तोच नातवाला गोष्टी सांगायला असतो. जे गेले त्यांचं उदाहरण कोणी देत नाही, कारण द्यायला ते असत नाहीत.

उलटं उदाहरणही तितकंच फसवं आहे बरं का. आपल्या सगळ्यांचे आदर्श सर विश्वेश्वरय्या १८८४ साली नोकरीला लागले आणि सुरुवातीच्या काळात इथे धुळ्यालाच होते, पांझरेच्या परिसरात त्यांनी सायफनचं काम केलं. १९६२ मध्ये गेले तेव्हा वयाची शंभरी ओलांडली होती. दरवर्षी १५ सप्टेंबरला भाषणात कोणीतरी म्हणतंच की शिस्तीमुळे ते शंभर वर्षं जगले. असेलही. पण एका माणसावरून काहीच सिद्ध होत नाही, ना माझ्या आजोबांवरून, ना विश्वेश्वरय्यांवरून. त्यासाठी खूप माणसं मोजावी लागतात.

आणि तशी मोजली गेली आहेत. अमेरिकेत नाही, आपल्या मुंबईत. १९९१ ते १९९४ या काळात संशोधकांनी मुंबईतल्या मतदार याद्या घेतल्या आणि घरोघरी जाऊन पस्तिशीच्या पुढच्या ९९ हजारांहून जास्त माणसांची नोंद केली. कोण काय खातं, काय ओढतं, सगळं लिहून घेतलं. आपल्यासाठी मजेची गोष्ट म्हणजे ही नोंद त्यांनी त्या काळात हातात मावणाऱ्या कॉम्प्युटरवर केली. तेव्हा पुरुषांपैकी सुमारे ६९ टक्के आणि बायकांपैकी सुमारे ५७ टक्के कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होते. बायकांमध्ये ती मुख्यतः मिश्री. होय, तीच मिश्री जी माझी आजी सकाळी दातांना लावते आणि जिला घरात कोणीच व्यसन म्हणत नाही!

काही वर्षांनी संशोधक पुन्हा त्याच दारांवर गेले आणि कोण हयात आहे, कोण नाही ते पाहिलं. बिडी ओढणाऱ्या पुरुषांचा मृत्यूचा धोका तंबाखूला हात न लावणाऱ्यांच्या दीडपटीहून जास्त निघाला. "बिडी म्हणजे पानाची, नॅचरल" म्हणणाऱ्यांना सांगतो, त्या पाहणीत बिडीचा धोका सिगारेटपेक्षा कमी नव्हता, उलट जास्त होता. तंबाखू खाणाऱ्या किंवा लावणाऱ्यांमध्ये धोका तेवढा नाही, पण होता. बायकांमध्ये तो पुरुषांपेक्षाही थोडा जास्त आढळला. नंतर २००८ मध्ये संपूर्ण देशातल्या अकरा लाख घरांची पाहणी प्रसिद्ध झाली. तिचा निष्कर्ष असा की बिडी ओढणारा पुरुष सरासरी ६ वर्षं, बिडी ओढणारी बाई ८ वर्षं आणि सिगारेट ओढणारा पुरुष १० वर्षं गमावतो. दहा वर्षं म्हणजे किती? आपली इंजिनिअरिंगची डिग्री केटी न लागता अडीच वेळा पूर्ण होते तेवढी.

"पण मी दिवसाला एकच ओढतो." हे वाक्य आमच्या विंगमध्ये मी सगळ्यात जास्त ऐकलंय. आपल्याला मशीन डिझाइनमध्ये फटीग शिकवतात. एका लोडने शाफ्ट तुटत नाही, पण तो लोड लाखो वेळा येतो आणि आतली बारीक भेग थोडी थोडी वाढत राहते. स्टीलला एक एंड्युरन्स लिमिट असते. त्याच्या खाली ताण असेल तर तो तुकडा कितीही सायकल सहन करतो. ॲल्युमिनियमला तशी लिमिट नसते, लोड कितीही लहान असला तरी कधीतरी हिशोब पूर्ण होतोच. तंबाखू ही ॲल्युमिनियमसारखी आहे. २०१८ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं गेलं तेव्हा दिसलं की दिवसाला २० सिगारेटींनी हृदयविकाराचा धोका जितका वाढतो, त्याचा जवळपास निम्मा दिवसाला एकाच सिगारेटने वाढतो. म्हणजे विसाव्या भागाने नाही, निम्म्याने! एकच ओढणाऱ्याला विसाव्या हिश्शाचं बिल येत नाही.

आता जरा देशाबाहेर जाऊ, कारण मला खरं कुतूहल तिथून सुरू झालं. एकाच वयाची माणसं एका देशात पटापट मरतात आणि दुसऱ्या देशात नाहीत, असं का? १९५८ पासून ॲन्सेल कीज नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने अमेरिका, फिनलंड, नेदरलँड्स, इटली, ग्रीस, युगोस्लाव्हिया आणि जपान अशा सात देशांत १२ हजारांहून जास्त पुरुषांचा अभ्यास सुरू केला. पूर्व फिनलंडमध्ये हृदयविकाराने मरणारे सगळ्यात जास्त, जपान आणि ग्रीसच्या क्रीट बेटावर अगदी कमी. बरं, फिनलंडचे ते लोक काही आळशी नव्हते. जंगलात लाकडं तोडणारे, शेतात राबणारे धट्टेकट्टे गडी. पण जेवणात लोणी, सायीचं दूध, भरपूर मीठ आणि वर सिगारेट.

कोणी म्हणेल, जपानी लोकांचं रक्तच वेगळं असेल. तेही तपासलं गेलं. जपानमध्ये राहणारे जपानी, हवाईत स्थायिक झालेले जपानी आणि कॅलिफोर्नियातले जपानी. पूर्वज एकच. तरी हृदयविकार जपानमध्ये सर्वांत कमी, हवाईत मध्यम आणि कॅलिफोर्नियात सर्वांत जास्त. म्हणजे रक्त तेच राहिलं, बदललं ते ताट आणि राहणीमान. साक्रीचा मुलगा हॉस्टेलला येतो तेव्हा छोट्या प्रमाणावर हेच होतं. घरी दादरची भाकरी, डाळ, मेथी, शेतात चालणं. इथे सकाळी नाश्ता नाही, अकराला समोसा, दुपारी मेस, संध्याकाळी वडापाव, रात्री साडेअकराला हायवेवरच्या ढाब्यावर तर्री तरंगणारी शेवभाजी. शेवभाजी मलाही जीव की प्राण आहे, तिला मी शिव्या देणार नाही. पण आपले आजोबा ती सणासुदीला खायचे आणि दुसऱ्या दिवशी नांगर धरायचे. आपण ती आठवड्यातून चारदा खातो आणि दुसऱ्या दिवशी कीबोर्ड धरतो.

इथे एक जण लगेच शर्ट वर करून दाखवतो, "बघ, पोट आहे का? ५५ किलो वजन आहे माझं!" त्याच्यासाठी पुण्याची एक गोष्ट. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. युडकिन यांचा फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. बाहेरून सारखेच सडपातळ, आतून दुप्पट फरक! आपल्याकडे बारीक दिसणारा माणूस आतून बारीक असेलच असं नाही. बारीक दिसणाऱ्यांनासुद्धा आपल्याकडे मधुमेह होतो तो यामुळेही. २०२३ मध्ये आलेल्या राष्ट्रीय पाहणीत देशात मधुमेहाचे १० कोटींहून जास्त रुग्ण असल्याचा अंदाज दिलाय. ते सगळे काही ढेरपोटे नाहीत. तेव्हा ५५ किलोवाल्या भावा, शर्ट खाली घे.

पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे आणि ती कोणी आपल्याला सांगत नाही. १७ देशांतल्या दीड लाखांहून जास्त लोकांवर एक अभ्यास झाला, त्यात आपला भारतही होता. २०१४ मध्ये त्याचा एक विचित्र निष्कर्ष आला. धोक्याच्या गोष्टी, म्हणजे कोलेस्टेरॉल, लठ्ठपणा वगैरे धरून काढलेला गुण, श्रीमंत देशांत सर्वांत जास्त होता आणि गरीब देशांत सर्वांत कमी. पण हृदयविकाराने मरणारे मात्र गरीब देशांत सर्वांत जास्त! कारण श्रीमंत देशात रक्तदाब वेळेवर सापडतो, गोळ्या मिळतात, ॲम्ब्युलन्स येते, ऑपरेशन होतं.

याचा अर्थ आपल्यासाठी काय? कॅनडातला माणूस वाईट सवयी ठेवूनही त्याच्या देशाच्या व्यवस्थेच्या जोरावर वाचू शकतो. शिरपूर तालुक्यातल्या एखाद्या पाड्यावरच्या माणसाला रात्री दोन वाजता छातीत दुखलं तर तो कुठे जाणार, किती वेळात पोचणार? त्या घरची गाय, मग शेत, मग आईचे दागिने, या क्रमाने विकलं जातं. जळगाव सोन्यासाठी प्रसिद्ध आहे, पण सगळं सोनं हौसेने विकत घेतलेलं नसतं, काही सोनं दवाखान्याच्या बिलासाठी मोडलेलंही असतं. आपला फॅक्टर ऑफ सेफ्टी मुळातच कमी आहे. ज्याचा फॅक्टर ऑफ सेफ्टी कमी त्याने लोड कमी ठेवायचा, हे दुसऱ्या वर्षाच्या मुलालाही कळतं. "परदेशात तर सगळेच पितात, ओढतात" असं म्हणणाऱ्याला माझं हेच उत्तर आहे. त्यांनाही ते परवडत नाहीच, पण आपल्याला तर अजिबात परवडत नाही.

आणि विशीत असताना आपल्याला सगळ्यात आधी मारणारी सवय शेवभाजी नाही की सिगारेटही नाही. ती म्हणजे त्याच ढाब्यावर ट्रिपल सीट, विनाहेल्मेट जाणं. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून जास्त माणसं गेली. त्यातले सुमारे ५० हजार हेल्मेट नसलेले दुचाकीस्वार आणि त्यांच्या मागे बसलेले होते. हेल्मेटमुळे अपघातात मरण्याचा धोका सुमारे ४० टक्क्यांनी कमी होतो असं अनेक अभ्यास एकत्र करून काढलेलं आहे. आपल्याकडे मुंबई-आग्रा रोड काय किंवा जळगाव-धुळे हायवे काय, ट्रकच्या लाइटमध्ये समोरचं काही दिसत नाही. आमच्या बॅचमधल्या प्रत्येकाच्या रूमवर हेल्मेट आहे. कपाटावर! त्यात मोजे ठेवलेले असतात.

मग करायचं काय? आत्तापर्यंत कॉलेजने जे केलं ते सगळ्यांना माहीत आहे. नोटीस लावायची, दंड घ्यायचा, एखाद्या रात्री रूम चेक करायच्या. मला दंडाचा राग नाही. पण माझ्या डोळ्यांसमोर झालेला परिणाम इतकाच की सिगारेट कॉरिडॉरमधून बाथरूममध्ये गेली आणि पुडी टेबलवरून गादीखाली. दंड भरणारा मुलगा व्यसन लपवायला शिकतो, सोडायला नाही. आणि माझा पार्टनर दोन वर्षं तोंड जळत असताना कोणाला बोलला नाही तो याच भीतीने. वॉर्डनला कळलं तर घरी पत्र जाईल! म्हणून मी स्पष्ट म्हणतो की निव्वळ शिक्षेचा हा मार्ग चुकलेला आहे.

त्या फिनलंडने काय केलं बघा. पूर्व फिनलंडमधल्या उत्तर कारेलिया भागाच्या लोकांनीच सरकारकडे मागणी केली आणि १९७२ मध्ये तिथे एक प्रकल्प सुरू झाला. प्रमुख होते पेक्का पुस्का, तेव्हा वय तिशीच्या आतच. त्यांनी लोकांना नुसतं रागावलं नाही. गावातल्या महिला मंडळांना बरोबर घेतलं, त्यांच्या स्वयंपाकात भाज्या वाढवल्या. कमी मीठ आणि कमी चरबीचे पदार्थ बाजारात यावेत म्हणून उत्पादकांशी बोलले. दूध-लोण्यावर जगणाऱ्या शेतकऱ्यांना बेरीच्या लागवडीकडे वळायला मदत केली. सिगारेट सोडण्याच्या स्पर्धा घेतल्या. साधारण पस्तीस वर्षांत तिथल्या कामकऱ्या वयाच्या पुरुषांमधले हृदयविकाराचे मृत्यू ८० टक्क्यांहून जास्त कमी झाले. माणसं तीच, थंडी तीच. सभोवतालची सोय बदलली आणि सवयी बदलल्या.

आपल्याकडेही अशक्य नाही. महाराष्ट्रात २००९-१० च्या पाहणीत ३१.४ टक्के प्रौढ तंबाखू घेत होते, २०१६-१७ मध्ये ते २६.६ टक्क्यांवर आले. म्हणजे लोक सोडतात. सोडता येते.

तर माझ्या चार मागण्या आहेत. मागण्या म्हणा, विनंती म्हणा.

एक. मेसमध्ये रोज एक केळं. आपण रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्याला खेटून राहतो, इथून देशभर केळी जातात आणि आपल्याच मेसमध्ये केळं फक्त उपवासाला दिसतं! दिवसाला चारशे-पाचशे ग्रॅम फळं, भाज्या आणि डाळी-उसळी खाणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण कमी असतं, असं त्याच अनेक देशांच्या अभ्यासात पुढे दिसलं. डाळ आणि उसळ आपल्याकडे आहेच, फक्त ती पाण्याऐवजी डाळीची असावी.

दोन. प्रत्येक सेमिस्टरला दातांच्या डॉक्टरांचं तपासणी शिबिर. नाव न लिहिता, दंड न घेता, घरी पत्र न पाठवता. ज्याला सोडायचं असेल त्याच्यासाठी सरकारची फुकट हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६. हा नंबर प्रत्येक मजल्यावर लावा, दंडाच्या नोटिशीच्या जागी.

तीन. शाळा-कॉलेजपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायची नाही असा २००३ चा कायदा आहे. गेटपासून टपरीचं अंतर मी पावलांनी मोजलंय. कायद्यात बसत नाही. पण टपरीवाल्या काकांना हुसकावून लावा असं मी म्हणत नाही. तेही कोणाचे तरी वडील आहेत, त्यांची मुलगी दहावीला आहे. चहा, पोहे, केळी, उकडलेली अंडी त्यांनी विकावीत आणि आपण ती त्यांच्याकडूनच घ्यावीत. फिनलंडच्या शेतकऱ्यांना पर्याय दिला, तसाच यांनाही द्यायला हवा.

चार. हेल्मेट नसेल तर बाइक गेटबाहेर सोडू नका, मग ती विद्यार्थ्याची असो की प्राध्यापकांची. आणि ग्राउंडवर संध्याकाळी लाइट लावा. आठवड्याला दीडशे मिनिटं चालणंसुद्धा पुरतं, जिमच पाहिजे असं नाही. पण एप्रिल-मेमध्ये जळगावचं ऊन ४४-४५ ला पोचतं, दिवसा कोण चालणार? आणि गर्ल्स हॉस्टेल साडेसातला बंद होतं. वर्गातल्या मुली म्हणतात, "आम्ही चालायचं कुठे? कॉरिडॉरमध्ये?" त्यांच्या या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. ज्यांच्याकडे किल्ली आहे त्यांच्याकडे असावं.

आता एक बोलतो, लहान तोंडी मोठा घास घेतोय, माफी असावी. सर, तुमच्यापैकी काही जण वर्कशॉपच्या मागे हातावर तंबाखू मळतात हे आम्हाला माहीत आहे, आणि आम्हाला माहीत आहे हे तुम्हालाही माहीत आहे. तुमच्यावर टीका करण्याइतका मी मोठा नाही. पण तुम्हीही शिबिरात आमच्याबरोबर रांगेत उभे राहिलात आणि तीन बोटं तोंडात घालून दाखवलीत, तर दहा नोटिशींनी होत नाही ते काम होईल. इंग्लंडमध्येसुद्धा १९५१ मध्ये सिगारेटवरचा एक मोठा अभ्यास सुरू झाला तो ३४ हजारांहून जास्त डॉक्टरांवर, म्हणजे खुद्द शिकल्यासवरल्या लोकांवर. ते ओढत होते आणि मरत होते. पन्नास वर्षांनी हिशोब झाला. ओढणारे सरासरी १० वर्षं आधी गेले. साठीला सोडणाऱ्यांनी त्यातली साधारण ३ वर्षं वाचवली, पन्नाशीला सोडणाऱ्यांनी ६, चाळिशीला ९ आणि तिशीला सोडणाऱ्यांनी जवळपास सगळी १०. म्हणजे सर, तुमच्यासाठीही उशीर झालेला नाही. आणि आपण विशीतली मंडळी? आपल्याला तर अख्खा पेपर परत लिहायची संधी आहे, तीही बॅकलॉग फी न भरता.

माझ्या पार्टनरचं काय झालं ते सांगून थांबतो. त्याने लगेच सोडलं नाही. भरीत, दाढ, डॉक्टर, माझं लेक्चर, कशानेही नाही. फेब्रुवारीत घरून त्याची आई आली होती. डब्यात त्याच्यासाठी पुरणाचे मांडे आणले होते. तिने घडी घालून मोठा घास त्याच्या तोंडाशी नेला आणि तो त्याच्या तोंडात मावला नाही. ती म्हणाली, लहान घास करते. काहीच विचारलं नाही तिने. ती गेल्यावर रात्री त्याने गादीखालच्या सगळ्या पुड्या काढून माझ्या हातात दिल्या. आज त्या गोष्टीला ४७ दिवस झाले. मध्ये दोनदा घसरला, मी खोटं सांगणार नाही. डॉक्टरांनी तोंडाचे व्यायाम दिलेत, रोज रात्री तो आरशासमोर करतो. अजून दोनच बोटं जातात. तिसरं कदाचित कधीच जाणार नाही. पण परवा तो मला म्हणाला, "ज्यांची तीन जातात त्यांना सांग."

सांगितलं. उद्या सकाळी ब्रश करताना आरशासमोर तीन बोटं घालून बघा. गेली, तर ती तशीच जात राहतील एवढं बघा. नाही गेली, तर लाजू नका, लपवू नका. रूम नंबर २१४ चं दार उघडंच असतं.

– तृतीय वर्ष, मेकॅनिकल